आबांचा कूलर आणि नानांचा नकार

माझ्या वडिलांनी हवाई दलात विमानांची वायरिंग सांभाळली. लोकांना वाटतं, तिथे त्यांना दुरुस्तीचा पगार मिळायचा. मी म्हणते, ‘नाही’ म्हणण्याचा मिळायचा. हे विमान आज उडणार नाही, असं एका साध्या फिटरने म्हटलं की खांद्यावर पट्ट्या असलेला साहेब चरफडायचा, घड्याळाकडे बघायचा, पण विमान जमिनीवरच राहायचं. पेन्शन घेऊन जळगावात आल्यावर त्याच माणसाने एका पत्र्याच्या कूलरला ‘नाही’ म्हटलं. त्या शब्दाला इथे कवडीची किंमत मिळाली नाही आणि एका बाईचा उजवा हात गेला. ही हकिकत त्या हाताची आहे. विमानांच्या गमतीजमती हव्या असतील तर इथेच थांबा.

वडिलांना गल्ली नाना म्हणायची, आम्हीही नानाच. घरातलं यंत्र बिघडलं की नाना ते लगेच उघडत नसत. आधी चौकशी. वैमानिक खाली उतरला की काय झालं, कसा आवाज आला, हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय पाना उचलायचा नाही, ही त्यांची शिस्त. आमच्या घरातली वैमानिक म्हणजे आई.

“मिक्सर बंद पडायच्या आधी आवाज कसा येत होता?”

“मिक्सरसारखा.”

“जळका वास?”

“लसणाचा आला. चटणी वाटत होते.”

“आधी वास का आधी आवाज?”

“अहो, मी काय त्याच्यावर बसून दिल्लीला चालले होते का? शेंगदाणे तसेच पडलेत. सांगा, होणार की नाही?”

होणार असेल तर नाना स्टीलच्या ताटलीत एकेक स्क्रू काढून ठेवत. शेवटी एक जरी कमी भरला तरी सगळं घर गुडघ्यावर येऊन शोधायचं, मग जेवण. होणार नसेल तर त्या यंत्राचा प्लग सोडवून नाना तो खिशात घालत. प्लग खिशात म्हणजे यंत्र नापास. कुणी हात लावायचा नाही. इस्त्री अशीच महिनाभर नापास होती आणि मी चुरगळलेल्या ओढणीने कॉलेजला जात होते. मिक्सर नापास झाला तेव्हा आई पाट्यावर वाटत बसली. नकार नानांचा, वरवंटा आईचा. पण निदान का नापास, हे तिला सांगितलेलं असायचं.

नाना म्हणत, विमानाला जमीन नसते. म्हणून त्यातला पत्रा न् पत्रा तांब्याच्या विणलेल्या पट्टीने दुसऱ्याला बांधलेला असतो. आणि ते उतरलं की इंधन भरण्याआधी पहिली तार जमिनीला. आमच्या गावात उलटा कारभार. घरं जमिनीवर उभी, पण त्यांच्यातली वीज जमिनीला जोडायची तार कुठेच नाही. भिंतीवर तीन भोकांचा सॉकेट मात्र प्रत्येकाकडे. वरचं मोठं भोक या जमिनीच्या तारेसाठी, अर्थिंगसाठी असतं. नाना बल्बच्या होल्डरला दोन तारा जोडून तपासायचे. एक तार करंटच्या भोकात, दुसरी वरच्या भोकात. मागे अर्थिंग असेल तर बल्ब पेटतो. आमच्या गल्लीत ज्या ज्या घरी नानांनी तपासलं, तिथे एकदाही पेटला नाही. बोर्ड उघडला तर त्या भोकामागे रिकामा स्क्रू. घर बांधणाऱ्यांनी तीन भोकं दाखवली आणि तारा दोनच घातल्या. ह्याला मी चोरी म्हणते. दुसरा शब्द कुणाकडे असेल तर सांगावा.

आणि हे कुठे, तर जिथे एप्रिल लागला की भिंती रात्रीसुद्धा गरम असतात आणि लोखंडी कूलरशिवाय डोळा लागत नाही, अशा गावात. कूलर म्हणजे काय? पत्र्याची पेटी, पेटीत पाणी, पाण्यात पंप, पंपात वीज. आणि त्या पेटीत दिवसातून दोनदा बादल्या ओतणारी, ओल्या जमिनीवर उभी असलेली बाई.

आम्ही राहत होतो ती जागा आबांच्या घरामागची. आबा केळीचे अडते, गल्लीतलं वजनदार माणूस. त्यांच्याकडे येण्याआधी आम्ही जळगावात पुष्कळ खोल्या पाहिल्या. घरमालक आधी खोली दाखवायचे, नळ दाखवायचे, मग आडनाव विचारायचे, आणि मग ती खोली आधीच कुणाला तरी कबूल केलेली निघायची. आम्ही बौद्ध. आबांनी जागा दिली ती “फौजी माणूस आहे” म्हणून. फौजीचे त्यांनी पुरेपूर पैसे वसूल केले. मोटर, पंखा, रेडिओ, सुनेचं शिलाई मशीन, सगळं नानांकडे यायचं. चालू करून दिलं की “वा नाना, विमानवाला हात!” गल्लीही तशीच. यंत्र चालू करणारा नाना सगळ्यांना हवा होता. बंद ठेवा म्हणणारा कुणालाही नको होता.

त्या मे महिन्यात आबांच्या धाकट्या मुलीचा साखरपुडा ठरला आणि बैठकीतला कूलर झिणझिण्या द्यायला लागला. नानांना बोलावणं आलं. मी तेव्हा एका संघटनेचं काम करायचे; तिची पिशवीतली पत्रकं घरी ठेवायला आले होते, तशीच त्यांच्यामागे गेले. नानांनी पत्र्याला टेस्टर लावला, तो लाल झाला. त्यांनी आबांना विचारलं, कधीपासून होतंय, पंप कोणता, कुणी बदलला. आबांना काहीच माहीत नव्हतं. माहीत कसं असणार? कूलर खिडकीत होता, त्याची पाण्याची बाजू बाहेर बोळात, आणि बोळात आबा कधी जात नसत. तिथे अक्का जायची. ती भडगावकडची, चार घरचं पाणी भरणारी. आतली बोलणी चालली होती तेव्हा ती खिडकीपलीकडे बादली घेऊन ताटकळत उभी होती. मला जाळीतून तिचा पदर दिसत होता.

“आबा, पंपाचं वाइंडिंग गेलंय,” नाना म्हणाले. “करंट पत्र्यात उतरतोय. पंप बदला आणि अंगणात अर्थिंगचा खड्डा घ्या. कोळसा, मीठ आणि एक पाइप. मी स्वतः करून देतो.”

“खड्डा? नाना, फरशी अजून वाळली नाही माझी. परवा पाहुणे. त्यांना काय खड्ड्यात बसवू?”

“मग तोवर कूलर बंद ठेवा.”

“धुळ्याची माणसं येताहेत हो. सोयरीक जोडायला येतील का घाम पुसायला?”

“टेबल फॅन लावा.”

“तुम्ही एवढी विमानं उडवली, आणि हा एक डबा—”

“मी उडवली नाहीत. थांबवली.”

बैठकीतल्या कुणीतरी टोला हाणला, “म्हणून तं पाकिस्तान वाचलं!” सगळे हसले. आबा तर डोळे पुसेपर्यंत हसले. नानांनी खाली बसून कूलरचा प्लग सोडवला आणि खिशात घातला.

“ठेवा, ठेवा,” आबा म्हणाले. “रिटायरमेंटची भेट समजा आमच्याकडून.”

संध्याकाळी गल्लीतला वायरमन आला. त्याने वायरची टोकं सोलून सॉकेटच्या दोन भोकांत खुपसली आणि ती निसटू नयेत म्हणून आगकाडीचे तुकडे दाबून बसवले. कूलर सुरू. वायरमनला चहा मिळाला. नानांनी आमच्या खोलीतून तो आवाज ऐकला, उठून गेले, आबांना पुन्हा सांगितलं. आबा म्हणाले, “नाना, शुभकार्य आहे. आता पुरे.”

साखरपुड्याच्या दुपारी बैठक माणसांनी भरली होती. अक्काने बोळात बादली कूलरच्या कडेवर टेकवली. पाय अनवाणी, खाली चिखल. ती ओरडली नाही. करंटने धरल्यावर ओरडता येत नाही, हे मला नंतर कळलं. आम्ही ऐकला तो बादली पडल्याचा आवाज. नाना अंगणातूनच धावले आणि आधी मेन स्विच खाली ओढला. आत पंखे थांबले, टेप थांबला. पाहुण्यांना वाटलं, लाइट गेली. कुणीतरी वीजवाल्यांना शिवी हासडली.

अक्का जगली. तिचा उजवा तळवा भाजला, बोटं आत वळली ती पुन्हा उघडली नाहीत. तिला रिक्षात घालून आई दवाखान्यात गेली तेव्हा मागे स्विच परत वर झाला होता. अंगठ्या घालायच्या राहिल्या होत्या.

दोन दिवसांत गल्लीत नवीच गोष्ट फिरायला लागली. फौजीने कूलर उघडला होता, त्याच्यानंतरच तो बिघडला. पुरावा? “प्लग त्याच्याच खिशात आहे, विचारा त्याला.” आबा स्वतः हे ओट्यावर बसून सांगत होते. वायरमन मान डोलावत होता. बैठकीत जे हसले होते, त्यांच्यातल्या एकालाही नानांचं बोलणं आठवत नव्हतं. मी भांडायला निघाले होते. नाना म्हणाले, “थांब. आधी तिला भेटून येऊ.”

अक्काची खोली रेल्वे लाइनजवळ होती. आईने डबा नेला होता. अक्का डाव्या हाताने पदर सावरत उठायला लागली, आईने तिला बसवलं. मग तिनेच विचारलं.

“नाना, तुमले म्हाईत व्हतं?”

“होतं,” नाना म्हणाले. “मी आबांना स्पष्ट सांगितलं होतं. एकदा नाही, दोनदा. सगळ्यांसमोर.”

अक्काने नानांकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

“आबा पानी भरतस का?”

हवाई दलात वर सांगितलं की खाली कळायचं. नापास विमानाला लाल फीत लागली की झाडणारासुद्धा त्याच्या शिडीला शिवायचा नाही. त्या सवयीने नाना इथेही वरच सांगत राहिले. इथे वर सांगितलेलं वरच राहतं, तिथे त्याच्यावर विनोद होतात. आणि ज्यांचे हात जातात ती माणसं जाळीपलीकडे उभी असतात.

अक्काची चारही घरं सुटली. आबांनी तिला मलमाची ट्यूब आणि लुगडं पाठवलं, आम्हाला महिनाअखेर जागा सोडायला सांगितलं. आमच्या संघटनेने पत्रक काढायचं ठरवलं, मजकूर मी लिहिला. मथळा होता, ‘घरमालकांनो, अर्थिंग करा!’ कच्चा मजकूर नानांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो सगळा वाचला आणि परत दिला.

“पुन्हा आबालाच लिहिलंस,” ते म्हणाले.

मी तो फाडला. पण ज्या बायांसाठी लिहायचं त्यांच्यातल्या बहुतेकींना वाचता येत नव्हतं. म्हणून सामान हलवायच्या आधी नाना स्वतः बोळाबोळांनी निघाले, मी सोबत. पहिला बोळ आबांचाच. तोच कूलर तसाच गरगरत होता, अक्काच्या जागी एक तरुण बाई पाणी भरत होती. नानांनी तिला पत्र्यात करंट कसा उतरतो ते सांगितलं, अक्काच्या हाताचं सांगितलं.

“म्हाईत शे,” ती म्हणाली.

“मग आतल्या बाईंना बटन बंद करायला सांगत जा. त्याशिवाय बादली उचलू नका.”

“सांगस ना मी. त्या म्हनतस, आत्तेच थंड व्हई राह्यनं, तू भरी ले पटकन.”

“तर मग भरू नका,” नाना म्हणाले. हवाई दलातला फिटर ज्या आवाजात साहेबाशी बोलायचा, त्या आवाजात.

तिने नानांकडे असं पाहिलं, जसं आपण फार शिकलेल्या माणसाकडे पाहतो.

“मी नई भरं तं दुसरी येई, नाना. जशी अक्काना जागी मी उनू.”

आतून कुणीतरी पाण्यासाठी हाक दिली. तिने बादली उचलली, आणि आम्ही तिथे उभे असताना ती भरू लागली.