जांघेतला नायटा

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. भावाजवळ नाही, दोस्ताजवळ नाही. बोलणार तरी कसं? गोष्ट जांघेपासून सुरू होते.

मी वाशिमकडल्या शिरपूरचा. मालेगावपर्यंत काळीपिवळी चालवतो. रेक्झिनची सीट, जीनची पॅन्ट, खालून इंजिनाची धग. त्या उन्हाळ्यात दोन्ही जांघांत खाज सुटली. मग लाल चट्टे पसरले—पार अवघड जागेपर्यंत. सवाऱ्या उतरल्या की गाडीच्या आडोशाला जाऊन खाजवायचो. मेडिकलमधून मलम आणलं. लावलं की बरं वाटायचं, सोडलं की दुप्पट.

आणि डोक्यात एकच—हे आलं कुठून? मी तर कुठल्या बाईकडे गेलो नव्हतो. मग?

माझी बायको रेखा तेव्हा मालेगावला शिलाईच्या दुकानात कामाला जायची. दुकानदार हसतमुख माणूस. त्याचं हसणं आधी कधी खटकलं नव्हतं. आता खटकू लागलं. ही मोबाइल पालथा का ठेवते? आल्या आल्या आंघोळ का करते? भर उन्हाळ्यात कोण करत नाही—पण हे तेव्हा सुचलं नाही.

मग तिच्या कमरेवरही तसाच गोल चट्टा उठला. मला पुरावाच सापडला.

"कोणापासून आणलं हे?" मी विचारलं.

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती खाली बसली. "तुमी मले हे विचारून राह्यले?"

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली नाही. मी थांबवलं नव्हतं. उलट वाटलं—पाहा, खरं होतं म्हणूनच सोडलं!

शेवटी वाशिमला चामडीच्या डॉक्टरांकडे गेलो.

"नायटा आहे," ते म्हणाले. "घाम, घट्ट चड्डी, अर्धवट वाळलेले कपडे. वरून त्या मलमानं वाढवला. घरात टॉवेल एकच आहे का?"

मी मान डोलावली.

"मग बायकोला तुमच्याकडूनच गेला असेल. तिलाही औषध द्या."

मी हळूच विचारलं, "बाहेरच्या संबंधानं तर नाही ना झाला?"

"अहो, घामानं झालाय. उगाच कोणावर संशय घेऊ नका."

घरी आलो. रेखा दारातच होती. "काय म्हणे डॉक्टर?"

सांगायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण सांगितलं असतं तर—तर माफी मागावी लागली असती.

"औषध देल्लं दोघांले," मी म्हटलं. "लावजो."

ती ट्यूब घेऊन आत गेली.

नायटा गेला. ती दुकानात परत गेली नाही, मीही जा म्हटलं नाही. आजही धनजला माहेरी जाऊन आली की चपला काढायच्या आधी सांगते—गाडी कुठे थांबली, शेजारी कोण बाई होती, उशीर काहून झाला. मी विचारलेलं नसतं. ती सांगते. आणि मी—सगळं ठाऊक असूनही—वेळ जुळते का, ते मनात पाहत असतो.