त्याच्या पापण्यांचं मी बोलले नाही

चाकणच्या एका कंपनीत मी बारा वर्षं रबरी सील तपासते आहे. गाडीच्या इंजिनात बसणारी, बांगडीएवढी काळी कडी. भिंगाखाली धरायची, फिरवायची, केसाएवढी चीर दिसली तरी लाल ट्रेमध्ये टाकायची. माझ्या हातून खराब माल पुढे गेल्याची एकही तक्रार कधी आली नव्हती. त्यामुळे नव्या सुपरवायझरने भर लाइनवर, सगळ्या बायांसमोर म्हटलं, "बाई, तुमचे डोळे आलेत, भिंगाला हात लावू नका," तेव्हा तो माझ्याशी बोलतोय हेच मला आधी कळलं नाही.

डोळे आले नव्हते. वर्षभर माझ्या पापण्यांच्या कडा लाल व्हायच्या, सकाळी चिकटून बसायच्या, पापण्यांच्या केसांच्या मुळाशी कोंड्यासारखा चुरा जमायचा. मी त्याला तसं सांगितलं.

"डॉक्टर तुम्ही का मी?" तो म्हणाला. चार जणी हसल्या.

त्याच दिवशी मला पॅकिंगला टाकलं. एवढ्यावर थांबला असता तर मी विसरले असते. पण दुपारी तो कँटीनमध्ये आला आणि वाढणाऱ्या माणसाला म्हणाला, "यांचा ग्लास वेगळा ठेवा. आणि यांना जेवायला त्या कोपऱ्यात बसवा." त्या माणसाने एका ग्लासाला पिवळी चिकटपट्टी लावली.

माझ्या आजोबांना गावात पाणी ओंजळीत, वरून ओतायचे. माझे वडील ते गाव सोडून पिंपरीला आले, कंपनीत लागले, आणि आयुष्यभर चारचौघांच्या ग्लासातून पाणी प्यायले. सुपरवायझरला आमचं हे माहीत होतं का, मला ठाऊक नाही. माहीत नसेल तरी मी त्याला माफ करणार नाही.

भोसरीच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पापणी उलटून पाहिली. "पापण्यांच्या कडांना सूज आहे. जुना आजार आहे, पण कुणाला लागत नाही." गरम शेक, पापण्या पुसायची पद्धत, मलम, सगळं समजावलं. मग विचारलं, "घरात कुणाला हृदयाचा त्रास?"

"वडील त्यानेच गेले. बावन्नाव्या वर्षी."

"मग बीपी आणि रक्तातली चरबी तपासून घ्या. पापणी सुजली म्हणजे हृदय बिघडलं, असं नाही हं. पण हा त्रास ज्यांना असतो, त्यांच्यात चरबी, बीपी, हृदयाची दुखणी जरा जास्त सापडतात. का, ते अजून नीट कळलेलं नाही. तपासायला काय जातं?"

तपासलं. दोन्ही वाढलेलं निघालं. गोळ्या सुरू झाल्या. पापण्याही शेकाने बऱ्याच निवळल्या. लागण होत नसल्याची डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी मी सुपरवायझरच्या टेबलावर ठेवली. त्याने ती न वाचताच ड्रॉवरमध्ये सरकवली. "बघू."

मी कोपऱ्यातच जेवत राहिले.

दोनेक महिन्यांनी तो पॅकिंगला एक खोकं उघडून बघायला आला. ट्यूबलाइटच्या उजेडात वाकला आणि माझी नजर सवयीने त्याच्या डोळ्यांवर गेली. कडा लाल. पापण्यांच्या मुळाशी तोच चुरा. नाकाजवळच्या कोपऱ्यात चरबी साठल्यासारखा पिवळसर उंचवटा. जिना चढून आला होता, बोलताना धाप लागत होती.

शेजारी खोकी बांधणाऱ्या मैत्रिणीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मग सांग की त्याला."

"काय सांगू? तो म्हणेल, डॉक्टर तुम्ही का मी."

आम्ही दोघी हसलो. तिने तो विषय तिथेच सोडला. मी नाही सोडला. रोज तो समोरून गेला की मी त्याच्या पापण्या बघायचे. लाली वाढली का, चुरा वाढला का. खोटं कशाला बोलू, मला त्यात सुख वाटायचं. त्याच्याबद्दलची एक गोष्ट माझ्याकडे होती आणि ती त्याला मिळणार नव्हती. सहा महिने मी ती सांभाळली.

मग एका सकाळी, दहाच्या सुमाराला, तो चालता चालता खोक्यांच्या थप्पीवर बसला. शर्ट घामाने भिजलेला, हात छातीवर. कुणीतरी म्हणालं, ॲसिडिटी आहे, सोडा आणा. ॲसिडिटी नाही हे मला दिसत होतं. मी हातमोजे घातलेले हात तसेच धरून उभी राहिले. "सोडा नको, गाडी काढा!" असं ओरडली ती माझी मैत्रीण.

तो वाचला. दोन स्टेंट बसवावे लागले.

आठवड्याने त्याची बायको रजेच्या कागदांसाठी आली. ऑफिसातले साहेब जागेवर नव्हते, म्हणून ती आमच्याकडे बसली. साधी बाई, रहाटणीहून दोन रिक्षा बदलून आलेली. म्हणाली, "डोळे सारखे चोळायचे हो. दाखवा म्हटलं की म्हणायचे, कंपनीतली धूळ आहे." मग माझा हात धरला. "तुम्ही तर रोज बघत होता, ताई. काहीच जाणवलं नाही का?"

"नाही," मी म्हणाले.

तिच्याशी बोललेलं ते खोटं मला अजून खुपतं. त्याच्या बाबतीत काही खुपत नाही.

तो परत आला तो स्टोअरला, बसून करायच्या कामावर. त्याच्या जागी आलेल्या माणसाला ड्रॉवरमध्ये माझी चिठ्ठी सापडली. त्याने ती वाचली आणि मला पुन्हा भिंगावर बसवलं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत जुना सुपरवायझर माझ्या टेबलाशी येऊन थांबला. बराच वाळला होता, आवाजही खाली आला होता. "बाई, तुम्हाला तो पापण्यांचा त्रास होता ना? आता बरा दिसतो. कुणाला दाखवलंत?"

"आठवत नाही," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि तो गेला. डॉक्टरीणबाईंचं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. माझ्या पुढच्या तपासणीची वेळ त्यावर लिहिलेली होती, त्याच आठवड्यातल्या शनिवारची.