चालीशिवाय शिकवलेली गाणी

लडाखमधल्या दाह गावच्या लुंडुपमामांना बोनोना सणाची सगळी गाणी येत. पूर्वज गिलगिटहून कसे निघाले, कुठे मुक्काम केला, कुणाशी भांडले, हे सांगणारी. गाणी जुन्या ब्रोक्स्कतमधली. ही बोली गिलगिटच्या शिणा भाषेची सख्खी बहीण, काश्मिरीची चुलत. फार मागे गेलं तर मराठीशीही नातं लागतं. शेजारच्या लडाखीशी मात्र रक्ताचं नातं नाही, आणि गावातली पोरं आता लडाखीतच भांडतात.

त्या वर्षी मामांना शेताचा चढ चढताना धाप लागू लागली. सण सुगीनंतरचा, गावागावांत पाळीपाळीने होणारा. गावाची पाळी यंदा होती, पुढची तीन वर्षांनी. तोवर आपण नसलो तर गाणीही जातील, हे त्यांना कळत होतं. रस्त्याच्या कामावर असलेला भाचा स्कर्मा शिकायला तयार होता.

"मामा, मोबाइलवर गाऊन ठेवा ना."

"सणाशिवाय गायचं नसतं. ऐकून देव खाली उतरले तर काय, चहा पाजू त्यांना?"

"पाजा की, दूध शेळीचंच आहे," मामी आतून म्हणाली. गाय त्यांच्या देवांना वर्ज्य, म्हणून गाईचं दूध त्यांच्या घरात कधी आलंच नव्हतं.

मामांनी तोड काढली. गायचं नाही, नुसतं सांगायचं. जर्दाळू वाळत घालता घालता ते एकेक ओळ बोलत, स्कर्मा ती परत बोले. चाल त्याच्या कानांत लहानपणापासून होतीच.

"शेळ्या मोजल्यासारखी देवांची नावं घेतोय बघा," मामी चिडवी.

सणाला टोप्यांत ताजी फुलं खोवून सगळे जमले. पहिल्याच गाण्यात मामांचा दम संपला. त्यांनी स्कर्माला खूण केली. तो छान गात होता, पण शेवटाकडे सिंधू ओलांडायच्या आधीच पूर्वज गावाकडच्या काठावर पोचले. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. चुकलं की पहिल्यापासून गायचं, असा दंडक. ऊन उतरलं होतं, सगळे भुकेले होते. मामा गप्प राहिले असते तर कुणी काही बोललं नसतं.

"नदी राहिली," मामा म्हणाले. "पहिल्यापासून घे."

"मामा, जेवून घेऊ या की!" स्कर्मा म्हणाला.

"पूर्वज काय जेवायला परत गेले होते? चल, नीघ गिलगिटहून."

हशा पिकला. स्कर्मा घोटभर पाणी प्यायला आणि त्याने पुन्हा सुरुवात केली. नदीच्या कडव्यापर्यंत मामांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. त्याने नदी नीट ओलांडली, तसे तेही थांबले.