बंदुकीच्या कारखान्याच्या वह्या

हे मी आजवर कुणाशी बोललो नाही. पत्नीशीही नाही. आत्ताही लिहायला बसलो, की हात आधी दुसरीकडेच वळतो—कारखान्याची कौले, लेथचा आवाज, दस्त्यांसाठी कापलेल्या अक्रोडाच्या लाकडाचा वास. पण हे सगळे आठवत बसणे म्हणजे मूळ गोष्ट पुढे ढकलणेच, नाही का?

शाहूपुरीच्या मागच्या अंगाला आमचा बंदुकांचा कारखाना होता. आमचा म्हणजे मालकांचा. मी तिथे कारकून. रानडुकरांपासून ऊस राखणारे शेतकरी परवाना काढून आमची बंदूक घेत. मालकांच्या आजोबांनी, म्हणजे थोरल्या मालकांनी, पहिल्या बंदुकीपासून नोंदी ठेवल्या होत्या—क्रमांक, नळी कुणी घडवली, दस्ता कुणी बसवला. वह्या गोदामात असत; खंडेनवमीला हत्यारांबरोबर त्यांनाही कुंकू लागे. आज त्या नाहीत. जुन्या बंदुका जपणारे लोक दुरून येतात, आपली बंदूक कुणाच्या हातची हे विचारतात, आणि मी सांगतो, "वह्या महापुरात गेल्या." हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे, की जीभ कुठे अडतही नाही.

वह्या पुरात गेल्या नाहीत.

त्या पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर आली, तेव्हा तयार माल तातडीने गडहिंग्लजच्या दुकानदाराकडे हलवायचा होता. आमची रीत अशी, की नळी जाड तेलकागदात गुंडाळल्याशिवाय बंदूक पेटीत ठेवायची नाही. दमट हवेत लोखंडाला लगेच गंज धरतो. आणि कागद संपला होता. तो मागवणे माझे काम—मी विसरलो होतो. मालकांना हे कसे सांगायचे? जुन्या वह्यांचा कागद जाड, कापडासारखा चिवट. मी पाने फाडली, तेलात बुडवली, नळ्यांना गुंडाळली. एकेका नळीला कितीतरी पाने लागली. कोण बघणार आहे ही जुनी पाने, असे स्वतःला म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो, तर ती चूक ठरली असती. पुढे जे केले, त्याला कोणता शब्द वापरू? गोदामात पाणी शिरले आणि ओसरले, तेव्हा वह्यांचे रिकामे पुठ्ठे मी स्वतः चिखलात लोटले. मालक आले. एक पुठ्ठा उचलून तसेच खाली बसले. गोदामाची खिडकी उघडी होती; पाणी तिथूनच आत आले, असे सगळ्यांना वाटले. गोदाम सांभाळणारे दत्तूमामा तिच्याकडे बघत राहिले.

"खिटी मी लावलीती का न्हाय, ध्येनातच न्हाय," ते म्हणाले. "माझ्याच हातनं गेल्या म्हणायच्या."

मला एकच वाक्य बोलायचे होते. मी खाली पाहिले.

मालकांनी त्यांना दुखावले नाही; मामांनीच काम सोडले. पुढच्या खंडेनवमीला त्यांना बोलावण्यासाठी त्यांच्या गावी, कोडोलीला, पाठवले कुणाला? मलाच.

"न्हाय बा. थोरल्या मालकांच्या वह्या बुडवल्या मी. कुठल्या तोंडानं कुंकू वाहू?" आणि मग माझ्याकडे बघून, अगदी मायेने—"तुझ्यावानी चोख असतो, तर ही येळ आली नसती, लेका. बस. च्या घेऊन जा."

मी तो चहा प्यायलो.

पुढे मालक गेले, कारखाना बंद पडला, मी जवळच एका बंदूक दुरुस्तीच्या दुकानात लागलो. परवा गडहिंग्लजकडचे एक गृहस्थ वडिलांची बंदूक घेऊन आले. "पावणं, बाबांनी कधी बाहीरच काढली न्हाय बघा," पेटी उघडत ते म्हणाले. "आई म्हणायची, डुकरं म्हातारी हून मेली, पर ह्यांचा बार काय उडाला न्हाय!" दुकानात सगळे हसले. मीही हसलो, आणि नळीवरचा कागद सोडवला. तपकिरी, चिकट—पण आतली शाई जशीच्या तशी. थोरल्या मालकांचे वळणदार अक्षर. क्रमांक. नळी घडवणाऱ्याचे नाव. एक काना पुसलेला नव्हता.

म्हणजे जे मी संपवले असे समजत होतो, ते घरोघरी फळीवर, पलंगाखाली शाबूत आहे! तेव्हाच खरे बोललो असतो, तर पाने कधीच गोळा झाली असती. ती अजूनही होतील. गडहिंग्लजच्या त्या दुकानदाराच्या मुलाला बंदुका नेलेली बरीच घरे ठाऊक आहेत. तो सोबत यायला तयार आहे. पाने मागताना लोक विचारतील, ती तिथे आली कशी. विचारू देत. मी सांगेन.

मात्र पहिले दार कोडोलीचे. मामा आता थकले आहेत, पण कान चांगले आहेत, असे त्यांच्या सुनेने फोनवर सांगितले. त्या गृहस्थांकडून मागून घेतलेले पान त्यांच्या हातात देईन, आणि म्हणेन—मामा, पाणी आले तेव्हा वह्या गोदामात नव्हत्याच; तुमच्या हातून काहीही बुडाले नाही. त्यावर ते काय म्हणतील, याचा विचार मी पुष्कळ केला. आता सोडून दिला आहे. घरात घेतले नाही, तरी एवढे उंबऱ्याबाहेर उभे राहूनही सांगता येते.