रेघेची बाजू

आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये काचेवर झिंक ऑक्साइडचा थर देतात. तो पारदर्शक असतो, तरी त्यातून वीज वाहते. काच हातात घेतली तर थर कुठल्या बाजूला आहे हे नुसतं बघून कळत नाही, म्हणून कोपऱ्यात हिऱ्याच्या पेनाने एक बारीक रेघ ओढून ठेवतात.

पीएचडीसाठी जर्मनीत येऊन मला चारच महिने झाले होते. थर देण्याचं चेंबर एक वयस्कर टेक्निशियन सांभाळत. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. काचा कापून रेघ तेच ओढत, चेंबरमध्ये तेच लावत आणि तयार नमुने डबीत भरून माझ्या टेबलावर ठेवत. मी फक्त मोजायचं.

माझ्या पहिल्या बारा नमुन्यांपैकी एकातूनही वीज वाहिली नाही. सुया टेकवल्या की मीटर दर वेळी रेंजच्या बाहेर. चेंबरमध्ये ऑक्सिजन जास्त झाला की थर असाच निघतो, हे मी वाचलं होतं. टेक्निशियनना विचारायला हवं होतं. पण मला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं; शाळेत नम्र इंग्रजी पत्राला मला नेहमी पूर्ण मार्क मिळत. मी प्रोफेसरांना ईमेल केली : चेंबरला कुठेतरी गळती असावी, बाहेरची हवा आत शिरत असावी. टेक्निशियनना कॉपी ठेवली नाही.

ठरलं की सोमवारी चेंबर पूर्ण खोलायचं. दोन आठवडे काम बंद. शेजारच्या टेबलावरच्या मुलीचा प्रबंध संपत आला होता आणि तिचे शेवटचे नमुने अडकले. ती कॅलेंडरवरचे दिवस पेन्सिलने मोजत राहिली.

शुक्रवारी दुपारी मी नमुने परत डबीत भरत होते. एक चिमट्यातून निसटला आणि मीटरखालीच उलटा पडला. सवयीने सुया टेकवल्या. आकडा आला, आणि चांगला आला. मी बाराच्या बारा उलटे करून मोजले. सगळ्यांतून वीज वाहत होती.

पुण्यात आमच्या लॅबमध्ये रेघ थराच्याच बाजूला असायची. इथे ती मागच्या बाजूला असते. मी कुणाला विचारलंच नव्हतं. बारा वेळा साधी काच मोजली होती.

खोलीत कुणी नव्हतं. गप्प राहिले असते तर सोमवारी चेंबर खोललं असतं, पुसून परत बंद केलं असतं, आणि पुढचे नमुने मी बरोबर बाजूने मोजले असते. दुरुस्ती झाली असंच सगळ्यांना वाटलं असतं. हा विचार मी पाचेक मिनिटं तरी केला.

मग डबी घेऊन खाली गेले. टेक्निशियन चेंबरचे बोल्ट आजच सैल करत होते. जर्मन वाक्य मी जिन्यातच जुळवून ठेवलं होतं, ते निम्मंच आठवलं. मी नमुना त्यांच्या मल्टिमीटरवर एका बाजूने टेकवून दाखवला, मग दुसऱ्या. पुण्यातल्या रेघेचंही सांगितलं.

ते पाना हातात धरून ऐकत होते.

"थराच्या बाजूला रेघ?" ते म्हणाले. "आणि काचेचा चुरा थराखाली गेला तर?"

"आम्ही आधी धुवायचो."

"आल्झो, म्हणजे धुवायचात," ते म्हणाले. ते त्यांना पटलेलं दिसलं नाही. बोल्टकडे वळून त्यांनी विचारलं, प्रोफेसरांना कोण सांगणार. मी म्हटलं, मीच लिहिते, आत्ता.

"गेनाऊ, बरोबर. आणि या वेळी मलाही कॉपी ठेवा."

म्हणजे त्या ईमेलचं त्यांना माहीत होतं. माझे कान तापले. मी तिथेच उभ्या उभ्या फोनवर जर्मनमध्ये तीन ओळी लिहिल्या, त्यांना वाचून दाखवल्या. त्यांनी एक क्रियापद जागेवर आणलं. पाठवल्यावर त्यांनी दुसरा पाना माझ्याकडे सरकवला. सहा बोल्ट परत आवळायचे होते, आणि समोरासमोरचे दोन एकदमच आवळायचे असतात, असं त्यांनी सांगितलं.