पुस्तकातलंच उत्तर आलं तेव्हा
बाजारात एखाद्या पाटीवरची गुलाबी नळी पेटली की मला यवतमाळच्या कॉलेजातली बी.एस्सी.ची प्रात्यक्षिक परीक्षा आठवते. खिडक्यांना काळे पडदे, आत घामाचा आणि तापलेल्या धुळीचा वास. हायड्रोजनच्या तशाच गुलाबी नळीच्या प्रकाशातल्या लाल, निळ्या, जांभळ्या रेषांची तरंगलांबी मोजून एक स्थिरांक काढायचा होता. आमच्याकडे रीत अशी, की पुस्तकातलं उत्तर पाठ करायचं आणि मोजमापं मागाहून त्याला जुळवून लिहायची. मी पाठांतराचा आळशी, म्हणून खरंच मोजत बसलो. माझं उत्तर पुस्तकातल्याशी तंतोतंत जुळलं होतं, पण ते मला ठाऊक नव्हतं. ते पाहून शेजारचा मित्र कुजबुजला, “अबे, थोडं तरी चुकवाचं ना!” मला काही कळेना. तेवढ्यात नागपूरचे परीक्षक मागे येऊन उभे राहिले. “कुठून उतरवलं?” “मोजलं सर.” “असं? मग पुस्तकात किती दिलंय, सांगा.” नापास झालो असतो तर वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला बसवणार होते. घाबरून तोंडाला आला तो आकडा सांगितला. परीक्षक हसतच सुटले. “हा तर प्रकाशाचा वेग! ज्याला उत्तरच माहीत नाही, तो चोरणार काय?” पास झालो. आता माझी मुलगी डोळे बारीक करून विचारते, “बाबा, खरंच चुकलात, की मुद्दाम?” तिला दाखवायला माझ्याकडे एकच पुरावा आहे: पुस्तकातला तो स्थिरांक मला आजही सांगता येत नाही.