भाऊजींच्या गाडीची तिसरी मोटर

आमच्या दामू भाऊजींना भिवंडीतल्या झाडून सगळ्या मेकॅनिकांनी फसवलंय. असं ते स्वतः सांगतात, आणि विचारलं नाही तरी सांगतात. एकाच माणसाला इतके जण फसवत असतील तर खोट कुठे आहे, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

मी त्यांची मेहुणी, निशा. भिवंडीच्या पोस्टात काउंटरवर बसते, त्यामुळे शहाण्या माणसांची मला सवय आहे. तरी भाऊजींची सवय काही होत नाही. राहतात कोनला, कशेळीच्या एका गोदामात सुपरवायझर आहेत. सुपरवायझर म्हणजे काय, तर ट्रक आला की "पीछे लो, पीछे लो" म्हणायचं आणि तो भिंतीला लागला की ड्रायव्हरवर ओरडायचं. हे काम ते अगदी मनापासून करतात. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की हमखास उभे राहतात आणि भाषण देतात. भाषण दरवेळी तेच. "कुणी सांगितलं म्हणून मानू नका. पूर्वापार चालत आलंय म्हणून मानू नका. स्वतः तपासून बघा, मगच माना." बोलतात छान. बायका माना डोलावतात. माझी बहीण बकुळा, म्हणजे त्यांची बायको, सगळ्यात पुढे बसून डोलवायची, आणि ते बघून माझं डोकं फिरायचं.

कारण घरात काय चालायचं ते मला ठाऊक होतं.

काही वर्षांपूर्वी भाऊजींच्या पायांना खरूज झाली. डॉक्टरांनी मलम दिलं. ताईने ते रोज न चुकता चोळलं, त्यांचे कपडे वेगळे उकळले, चादरी उकळल्या. त्याच दिवसांत गोदामातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून भाऊजी वज्रेश्वरीला जाऊन गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवून बसून आले. खरूज गेली. श्रेय कुणाला? कुंडाला. मलमाचं नाव नाही, आणि ताईचं तर नाहीच नाही. वर पुन्हा तोरा असा की, "आपण देवळाची पायरी चढत नाय. आपला संबंध पाण्यातल्या गंधकाशी. सायन्स आहे ते." गंधक म्हणजे नक्की काय, असं मी एकदा विचारलं. "केमिकल असतं एक," म्हणाले, "पण नॅचरल."

तेव्हापासून दर महिन्याला वज्रेश्वरीची फेरी ठरलेली. येताना पाण्याचे कॅन भरून आणायचे. त्या पाण्याला मी नावं ठेवत नाही. बिचारं अंघोळीचं पाणी, लोक येतात, हातपाय शेकतात, त्यांना बरं वाटतं. पण भाऊजी ते घरात दाढीला, केसांना, जिथे तिथे वापरायला लागले. कुंडीतल्या मोगऱ्यालाही घातलं. मोगरा मेला. नर्सरीवाल्याने डुप्लिकेट रोप दिलं होतं म्हणे.

मग गाडी आली. सेकंडहँड, चंदेरी रंगाची. बॉनेटखाली एक प्लॅस्टिकची टाकी असते, दांडी ओढली की त्यातलं पाणी काचेवर उडतं आणि वायपर काच पुसतात. पाणी उडवणारा जो छोटा पंप, त्याला आमच्याकडे सगळे पाण्याची मोटर म्हणतात. त्या टाकीत जगातली माणसं नळाचं पाणी भरतात. भाऊजींनी काय भरलं ते सांगायला नकोच.

पहिली मोटर गेली तेव्हा ते कल्याण नाक्यावरच्या मेकॅनिकशी भांडले. त्याने दुसरी बसवली, ती गेली तेव्हा त्याला सोडून मुख्तार नावाच्या दुसऱ्या मेकॅनिककडे आले. मुख्तारची मोटर काही महिने चालली आणि तीही मेली. आमच्या रस्त्यांवर ही गंमत परवडत नाही. गोदामांच्या ट्रकांची धूळ, रस्त्याची कामं, पॉवरलूमच्या गल्लीतून गेलं की वर कापसाची भुरी. काच धुता येत नसेल तर गाडी घरी ठेवावी. भाऊजी मात्र डॅशबोर्डवर जुना बनियन ठेवून सिग्नलला उतरून काच पुसायचे आणि मागचे हॉर्न मारायचे.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण तोवर ताईचे डोळे आले होते.

ताई ब्लाऊज शिवते. कोनमधल्या निम्म्या बायकांची मापं तिला तोंडपाठ आहेत. डोळे चुरचुरतात म्हणून मी तिला डॉक्टरकडे नेलं, थेंब मिळाले, परत दाखवायला बोलावलं. भाऊजींनी चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली आणि बाटली फळीवर ठेवून दिली. "यात केमिकल आहे." मग सकाळ-संध्याकाळ वज्रेश्वरीच्या पाण्याने डोळे धुणं सुरू झालं. लाली वाढली. पापण्या चिकटायला लागल्या. ताई सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारू लागली, आणि एका ब्लाऊजचे हूक तिने उलट्या बाजूला लावले, जे तिने जन्मात कधी केलं नव्हतं. "आधी रोग उसळतो, मग गुण येतो," भाऊजी म्हणाले.

मी भांडले. ओरडले. पालथ्या घड्यावर पाणी, तेही गंधकाचं. आणि ताई मलाच म्हणायची, "ते बोलतात ते काय उगाच हाय का? त्यांची खरूज गेली न्हाय का?"

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ते दोघं वज्रेश्वरीला निघालेत असं कळलं, तेव्हा मी सकाळीच कोनला गेले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. वाटेत भिवंडीत डोळ्यांचा दवाखाना लागतो. तिथे गाडी थांबवायची आणि ताईला हाताला धरून उतरवायचं, असं मी ठरवलं होतं. भाऊजींना वाटलं, मलाही कुंडाची ओढ लागली. खूश झाले. "बघ, शेवटी पटलं ना?" मी दात आवळून बसले.

भिवंडी जवळ आली आणि रस्त्याच्या कामावरच्या एका डंपरने आमच्यावर चिखल उडवला. अख्खी काच बरबटली. भाऊजींनी सवयीने दांडी ओढली. पाणी नाही. वायपर तेवढे फिरले आणि चिखल काचभर सारवला गेला. शहाण्या माणसाने गाडी बाजूला घेतली असती. भाऊजींनी खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं आणि तसेच चालवत राहिले. "मला दिसतंय, मला दिसतंय!" शेजारी बसलेली ताई, जिला काच स्वच्छ असतानाही धड दिसत नव्हतं, म्हणाली, "सावकाश हां." एका हातगाडीवाल्याने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याचं काही चुकलं नाही.

दवाखान्याऐवजी गाडी गेली मुख्तारच्या गॅरेजला. मुख्तार तिथलाच, जुन्या कोकणी मुसलमान घरातला. त्याच्या वडिलांचे लूम भंगारात गेले आणि त्याच शेडमध्ये याने गॅरेज टाकलं. भिंतीपलीकडे दुसऱ्यांचे लूम अजून धडधडतात, त्यामुळे तिथे साधी गोष्टही भांडल्यासारखी बोलावी लागते. भाऊजींना तर पर्वणीच.

"मुख्तार, डुप्लिकेट मोटर टाकलीस तू!"

"दामूभाई, कसम से, ओरिजिनल होती. बॉक्स दाखवला होता मी तुम्हाला."

"बॉक्स ओरिजिनल, माल डुप्लिकेट!"

"बरं बाबा, नवीन टाकतो. चिल्लाते क्यूँ?"

मुख्तारचीही मला काही कौतुकं सांगायची नाहीत. या गाडीची ही तिसरी मोटर आहे, हे त्याला ठाऊक होतं. टाकीत काय भरता, एवढं त्याने एकदाही विचारलं नव्हतं. गिऱ्हाईक भांडत येतं आणि मोटर घेऊन जातं, त्याला कशाला उगाच शहाणं करायचं?

त्याने चाक वळवलं, चाकामागचं प्लॅस्टिक सोडवलं, आत हात घालून वायर काढली आणि मोटर रबरातून उपटली. टाकीतलं उरलंसुरलं पाणी फरशीवर सांडलं. मोटर थेट बॅटरीला लावून पाहिली, हूं नाही की चूं नाही. ती बॉनेटवर ठेवून तो नवीन आणायला आत गेला. भाऊजी त्याच्यामागे गेले, बॉक्स डोळ्यांदेखत फोडायचा म्हणून.

ताईला मी स्टुलावर बसवलं होतं. बसल्या बसल्या तिने हात लांबवला आणि ती मेलेली मोटर उचलली. कापड असो नाहीतर भाजी, ताई बोटांनीच पारखते, आणि हल्ली तर डोळ्यांचा भरवसाच उरला नव्हता. मोटरच्या तोंडावरून तिने अंगठा फिरवला. काहीतरी कुरकुरलं आणि तुटून तिच्या तळहातावर पडलं.

"निशे, हे पांढरं हाय ना?"

"हो. पांढरं फटक."

"खार हाय हा. पाणी तापवायच्या पातेल्याला बसतो तसला." तिने तो चिमटीत चोळला. बराच वेळ चोळत राहिली. मग तेच बोट हळूच स्वतःच्या पापणीच्या कडेला लावलं. "सकाळी उठल्यावर माझ्या पापण्यांना हेच लागतं गं. असंच खरखरीत."

मी तिचं बोट धरून पापणीवरून बाजूला केलं.

तेवढ्यात नवीन मोटर बसली. बॅटरीवर घुर्रर झाली, भाऊजींनी विजयी चेहऱ्याने आमच्याकडे पाहिलं आणि डिकीतून कॅन काढला. गेल्या खेपेचं अर्धा कॅन पाणी उरलं होतं. टाकीचं झाकण उघडून ते ओतणार, तोच ताई उठली, चाचपडत पुढे आली आणि तिने कॅनला हात घातला.

"अगं, काय करतेस?"

"या पाण्याचा खार बसलाय मोटरीत. हात लावून बघा."

"तो खार नाय, डुप्लिकेट प्लॅस्टिक झिजतं. तुला काय कळतंय त्यातलं?"

मुख्तारने मेलेली मोटर उचलून उजेडात धरली. "दामूभाई," तो म्हणाला, "टाकीत पाणी कुठलं टाकता तुम्ही?" तिसऱ्या मोटरीला विचारलं! शाबास रे पठ्ठ्या.

भाऊजी त्याला गंधक समजावून सांगायला वळले. तेवढ्यात ताईने कॅन ओढून घेतला आणि दारातल्या गटारात उपडा केला. शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवला. माझ्या बहिणीला नवऱ्याच्या हातातून काही ओढून घेताना मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

"विहारात काय सांगता तुम्ही?" ती म्हणाली. लूमच्या धडधडाटातही ओरडली नाही. "तपासून बघा, मगच माना. बघितलं मी तपासून. चल निशे, डॉक्टरकडं."

"अगं, मोटर टेस्ट तर करू दे!" भाऊजी म्हणाले. बायको चाचपडत रस्त्यावर निघाली होती, आणि हा गृहस्थ मोटर टेस्ट करायला थांबला. मी रिक्षाला हात केला.

डॉक्टर बाईंनी टॉर्चच्या उजेडात दोन्ही डोळे पुन्हा पुन्हा तपासले. "थेंब घातले नाहीत?" असं विचारलं. मग मी सांगितलं काय घातलं ते. त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि पुन्हा टॉर्च उचलला. उजवा डोळा पुढे औषधाने सुधारला. डाव्याच्या बुबुळावर जखम झाली होती, ती भरली, पण पांढरा डाग राहिला. त्यातून ताईला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो.

गाडीच्या टाकीत हल्ली नळाचं पाणी असतं. ताई स्वतः भरते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मोटर झकास चालते. परवा मी कोनला गेले, तेव्हा शेजारचे चांगदेवकाका आले होते आणि भाऊजी त्यांना सांगत होते, "पहिल्या तिन्ही डुप्लिकेट. मग मुख्तारला असा दम भरला, की चौथी बरोबर ओरिजिनल निघाली! माणसाने नेहमी तपासून घ्यावं."

ताई मशीनवर बसली होती. तिने सुई खिडकीकडे धरली, तीनदा दोरा चुकला, चौथ्यांदा ओवला गेला. मी भाऊजींकडे पाहिलं. ते चहात बिस्कीट बुडवत होते.